बाविसावी तार

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटत होतं. कल्याणच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आले होते. वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक, त्यांची इच्छा मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी. मी मात्र भिवंडीतच, घरापासून पंधरा मिनिटांवरच्या एका वॉर्पिंगच्या कारखान्यात नोकरी धरली. आमच्या आळीत आठवडाभर तोच विषय होता. सुताच्या धुळीत मुलीची जात काय करणार, असं दोघीतिघींनी आईला विचारून घेतलं. आईने त्यांना चहा पाजला आणि मला डबा भरून दिला.

लूमवर कापड विणायच्या आधी उभे धागे एका मोठ्या रुळावर ओळीने गुंडाळून घ्यावे लागतात. त्या रुळाला बीम म्हणायचं, धाग्याला तार. पट्ट्यांचं शर्टिंग असेल तर कुठली तार कुठल्या रंगाची हे बीम भरतानाच ठरतं. एकदा चुकलं की चुकलं, मग लूमवाला काहीही करू शकत नाही. आमच्याकडे हे सगळं एका माणसाच्या वहीत होतं. त्यांना कारीगर चाचा म्हणत, शेठ मास्टर म्हणत, मी काका म्हणायची. गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून ते रोज एसटीने येत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वही नाकाला लावून वाचत, पण दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

शेठना ती वही कॉम्प्युटरमध्ये हवी होती. त्यांच्या घराण्याची वळ गावची जमीन गोदामांखाली गेली होती, तरी कापडाचा धंदा त्यांनी हौसेने धरून ठेवला होता. ते म्हणाले, "मास्टर काय जन्मभर पुरणार आहेत? तू सगळं उतरवून घे. पॅटर्नचा नंबर टाकला की कागद बाहेर आला पाहिजे."

मला वाटलं, आठ दिवसांचं काम. वही बघितली आणि घाम फुटला. काका प्रत्येक तार लिहीत नसत. "८ पांढऱ्या" असं लिहीत, खाली "२ लाल, १ काळी", आणि या दोहोंच्या बाजूने समासात विळ्यासारखा मोठा कंस काढून पुढे लिहीत, "तीनदा". विळ्याच्या आत कधी आणखी एक विळा, त्याच्याही आत एक. आणि पट्टा मधोमध आला की एकच शब्द, "उलट". म्हणजे आलात त्याच वाटेने परत जा.

"बाय, इळा म्हंजे काय, तं आतलं समदं धरायचं," काका मला सांगत. "एक पन तार भायेर न्हाय ऱ्हायली पायजे."

हे साध्या तक्त्यात बसणारं नव्हतं. मग सायबर कॅफेत बसून शोधता शोधता मला पार्सरची एक लायब्ररी सापडली. ती सीडीवर घेऊन आले. लिहिलेला मजकूर वाचायचा आणि त्याचं झाड करायचं, हे पार्सरचं काम. झाडाचं मूळ वर आणि पानं खाली. वरच्या नोडला, म्हणजे फांद्या फुटतात त्या गाठीला, "हा पूर्ण पट्टा" म्हणायचं, त्याची मुलं म्हणजे पट्ट्याचे भाग. एखादं मूल साधं पान असतं, "८ पांढऱ्या". एखादं मूल म्हणजे विळा, त्याला पुन्हा स्वतःची मुलं. झाड झालं की कंस, स्वल्पविराम, काकांच्या पेनचे डाग, सगळं गळून पडतं, फक्त अर्थ उरतो. मग त्या झाडावर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरत जायचं आणि भेटेल ती तार छापायची. लायब्ररीबरोबरच्या पुस्तिकेत सगळी उदाहरणं बेरीज-गुणाकाराची होती. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने लाल-काळ्या तारांची झाडं काढत बसे, आणि खरं सांगते, इतका आनंद मला त्याआधी कशातच झाला नव्हता.

लोडशेडिंगमुळे दिवसातले चार-सहा तास कारखाना गप्प असे. यूपीएस कोकलून कोकलून मरून जाई. तेव्हा काका वही घेऊन माझ्या टेबलाशी येत. ते वाचत, मी लिहून घेई, वीज आली की टाइप करी. मध्येच त्यांना खोडी काढायची लहर येई.

"तुज्या झाडाला इचार, ह्या पट्ट्यात बाविसावी तार कंची?"

तो पट्टा मला अजून पाठ आहे. आठ पांढऱ्या, मग दोन लाल एक काळी असं तीनदा, मग चार निळ्या, आणि उलट. सगळ्या मिळून अडतीस तारा.

"वीज नाही काका, झाड झोपलंय."

"काळी," ते म्हणत. डोळे मिटून. बोटंसुद्धा मोडत नसत.

मला गंमत वाटे, आणि थोडा रागही येई. कारण अमुक नंबरची तार झाडातून शोधून काढायला मला दोन दिवस खपून वेगळा प्रोग्राम लिहावा लागला होता.

तीस-चाळीस पट्टे छापून पाहिले, बरोबर आले. शेठनी पेढे आणले. मग त्याच अडतीस तारांच्या पट्ट्याचा बीम माझ्या कागदावरून भरला गेला. कागद भिंतीला चिकटवला, कारीगरांनी त्याप्रमाणे रंगीत बोबिनी लावल्या. काका बाजूला हात मागे बांधून उभे होते. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच कुणी काही विचारलं नाही.

बीम लूमवर चढला आणि दुसऱ्या दिवशी लूमवाल्याचा माणूस हातभर तुकडा घेऊन आला. निळ्या पट्टीच्या एका अंगाला काळी रेघ, दुसऱ्या अंगाला लाल. दोन्हीकडे काळी हवी होती. अख्खा बीम वाया.

शेठनी मला आणि काकांना वॉर्पिंगच्या शेडमध्ये बोलावलं. कारीगर भोवती होतेच. "चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

आता मी काय बोलले ते लिहायला मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "सॉफ्टवेअर वहीत असतं तेच छापतं. काकांनी वाचलं ते मी टाइप केलं."

काकांनी वही नाकाला लावली. "हितं उलट लिवलंय. बाविसावी काळी पायजे."

"मग काळी का नाही आली?" शेठ म्हणाले. "मशीन काय मनाने करतं का?"

काकांनी भिंतीवरचा कागद पाहिला, पुन्हा वही पाहिली, पुन्हा कागद. मग वही मिटली.

"मास्टर, वय झालं आता," शेठ म्हणाले, तसे प्रेमानेच म्हणाले. "डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. थोडे दिवस घरी आराम करा. पुढचं बघू." मागून, भुवयांवर कापूस साचलेला एक कारीगर दुसऱ्याला म्हणाला, "चाचा को अब दिखता नहीं है." काकांनी पिशवी उचलली आणि दुपारच्या एसटीने गेले. थोडे दिवस म्हणजे कायमचं, हे शेडमधल्या सगळ्यांना कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी, दुसरं काही काम नव्हतं म्हणून, मी तो नंबर शोधायचा प्रोग्राम चालवला. बाविसावी तार? उत्तर आलं, लाल. मला बरंच वाटलं, बघा, झाडसुद्धा तेच म्हणतंय. मग कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने तारा हाताने मोजल्या. एकोणीस, वीस, एकवीस. निळ्या संपल्या. आता परत फिरायचं. विळ्यातली शेवटची तार काळी, म्हणजे परत येताना आधी काळीच भेटणार. बाविसावी काळी.

मी "उलट" म्हणजे मूळ नोडच्या मुलांचा क्रम उलटा करायचा एवढंच लिहिलं होतं. पांढऱ्या पहिल्या होत्या त्या शेवटी गेल्या, विळा योग्य जागी आला. पण विळ्याच्या आत मी उतरलेच नव्हते. त्याची मुलं होती तशीच सरळ राहिली, लाल आधी, काळी नंतर. आणि आधीचे तीस-चाळीस पट्टे बरोबर का आले? कारण त्यांच्या विळ्यांत एक लाल, एक पांढरी, एक लाल असलं काहीतरी होतं, उलटं वाचा की सुलटं, सारखंच.

हे कळल्यावर धावत शेठकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. प्रोग्राम दुरुस्त केला, त्याला पाच मिनिटं लागली, आणि घरी जाऊन जेवले नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त आळीतल्या बायका काय म्हणतील याची होती. चौथ्या दिवशी सकाळी मात्र राहवेना. शेठच्या केबिनमध्ये उभं राहून सगळं सांगितलं.

शेठ हसले. "अगं, होतं असं. नवीन काम आहे. चहा घे." पोऱ्याला हाक मारून त्यांनी खरंच चहा मागवला. "मास्टरांना निरोप देऊ कुणाबरोबर तरी."

चहा मी तसाच टेबलावर ठेवला. माझी चूक झाली तर नवीन काम, काकांची वाटली तर वय झालं! मला शेठचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण ही सोय मीच त्यांना करून दिली होती. निरोप कुणाबरोबर नको, मीच जाते म्हणाले आणि वज्रेश्वरीची एसटी धरली.

काका ओटीवर सूप घेऊन बसले होते. सुपात कडवे वाल. किडके वेचून ते एका वाटीत टाकत होते, आणि शेजारी बसलेल्या काकू ती वाटी पुन्हा तपासत होत्या. मला वाटलं, घरकाम चाललंय.

"डोळं तपासतोय," काका म्हणाले. "ही म्हनते, एक पन चांगला दाना किडक्यात न्हाय गेला. मंग वहीतच कसं चुकलं, ते कळलं न्हाय."

मी पिशवीतून कॅलेंडरचा कागद काढला, त्यांच्यापुढे पसरला आणि जाड पेनने गिरवलेलं झाड त्यांना दाखवलं. बोट धरून एकेका फांदीवरून नेलं. इथून परत फिरलो, हा विळा आला, आणि आत बघा काका, आत मी काहीच उलटं केलं नाही.

त्यांनी कागद नाकाला लावला. बराच वेळ बोट फिरवलं.

"सदरा उलटा केलास," ते म्हणाले, "आन् बाह्या सुलट्याच ठेवल्यास."

"हो काका."

"म्हंजे माझं बराबर व्हतं."

"तुमचं बरोबर होतं. मला कालच कळलं. मी कालच सांगायला हवं होतं."

मला वाटलं होतं ते हसतील, पाठीवर थाप मारतील. त्यांनी सूप बाजूला सारलं. "चार दिस," ते म्हणाले. "चार दिस मी सोताला आंधळा समजत व्हतो, बाय. रातचा घरातल्या पोरांना इचारायचो, कंदील पेटलाय का इझलाय. मशीन चुकत न्हाय, म्हंजे मीच गेलो." काकू उठून आत गेल्या. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, गप्प कर म्हणाले नाहीत, आणि ते योग्यच होतं.

मग म्हणाले, "येतो मी. पन जिथं बोललीस तिथंच बोलायचं. समद्यांसमोर."

सोमवारी पहिल्या गाडीने काका आले. शेडमध्ये कारीगर नव्या बीमसाठी बोबिनी लावत होते. मी मध्ये जाऊन उभी राहिले. बाजूच्या शेडमधले लूम खडखडत होते, ते काही कुणासाठी थांबत नाहीत. मी म्हणाले, "गलती मेरी थी. चाचा ने सही पढ़ा था."

माझं मलाच ऐकू आलं नाही. काकांनी कानामागे हात धरला आणि बोटं वर केली. तीन.

"तीनदा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. दोघांनी माना वळवल्या. तिसऱ्यांदा इतक्या जोरात ओरडले की आवाज चिरकला, आणि भुवयांवर कापूस साचलेला तो कारीगर, तोच, हातातली बोबिन खाली ठेवून म्हणाला, "सुन लिया, दीदी." मग काकांकडे वळून त्याने हात जोडले.

काका पुढे आले. पिशवीतून वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या हातात दिली. माझ्या.

"तू वाच," ते म्हणाले. "मी ऐकतो."

मी भिंतीला टेकून तोच पट्टा वाचू लागले, एकेक तार, आणि कारीगर एकेक बोबिन लावू लागले. आठ पांढऱ्या झाल्या. विळा तीनदा झाला. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, निळ्या संपल्या. मी श्वास घेतला, आणि मी तोंड उघडायच्या आत काका डोळे मिटून म्हणाले, "काळी."