बोडक्या मानेचा कोंबडा

कोंबड्यांचा नाद ह्यांचा, निस्तरायचं मात्र मी. जुन्नरच्या बाहेर आम्ही दहा गुंठे घेतले, दोन खोल्या बांधल्या आणि ह्यांनी हौसेनं अठरा गावरान कोंबड्या पाळल्या. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. दिवाळी उलटली, थंडी पडली आणि कोंबड्यांनी जणू पैज लावली. रोजची बारा-तेरा अंडी. न्याहारीला पोळा, डब्यात भुर्जी, जेवायला रस्सा. मुलं ताटाकडं बघून नुसतं "पुन्हा?" म्हणायची. फडताळात अंडी, तांदळाच्या डब्यात अंडी. जुनं कुठलं, ताजं कुठलं ते कळेना, म्हणून मी ती पाण्यात सोडून बघायचे आणि तरंगलेलं खड्ड्यात पुरायचे. पाहुणा आला की चहाआधी त्याच्या पिशवीत किती मावतील याचा अंदाज घ्यायचे.

उरलेली शाळेत न्यायचे. शाळा तिकडं निरगुडसरच्या बाजूला, एसटी बदलून जावं लागे. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात भुसा, भुशात अंडी. कंडक्टर विचारायचा, "बाई, कोंबडीचं तिकीट काढलं का?" पण स्टाफरूममध्ये डबा उघडला की पाच मिनिटांत रिकामा व्हायचा आणि मी सुटले म्हणायचे.

त्या शाळेत माझी एक मैत्रीण होती. आठ वर्षं आमचे वर्ग शेजारी. माझ्या बाळंतपणात माझा वर्ग तिनं सांभाळला, तिची आई गेली तेव्हा तिचा मी. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही तेही मी तिला सांगत आले. ती राहायला पारगावकडच्या एका वस्तीवर. "घरी या, घरी या" सारखी म्हणायची, पण माझी परतीची एसटी चुकायची भीती, म्हणून जाणं कधी झालं नाही.

एकदा ती म्हणाली, "बाई, आमची कोंबडी खुडूक झालीय. या वेळी खायला नको, बसवायला द्या अंडी. अर्धलीनं." म्हणजे अंडी माझी, ऊब तिच्या कोंबडीची आणि पिल्लं निम्मी-निम्मी. आमच्याकडं ही रीतच आहे. मला खरं तर आणखी कोंबड्या म्हणजे डोक्याला ताप, पण रीत कशाला मोडा! ताजी, एकसारखी तेरा अंडी निवडली आणि एसटीच्या हिसक्यांपासून जपत तिच्या हातात दिली.

आमच्या कोंबड्यासारखा दुसरा तेव्हा त्या भागात नसावा. मान पार बोडकी, लालभडक, औषधालाही पीस नाही. जुन्नरच्या बाजारात ज्या चाचांकडून घेतला ते म्हणाले होते, "असा दुसरा कुठं दिसला तर याचाच पोरगा समजा." दिसायला अवलक्षणी, पण मी दार उघडलं की माझ्या पायात पायात फिरायचा.

एकवीस दिवस झाले. तेविसाव्या दिवशी ती तोंड पाडून आली. "सगळी नासली, बाई. एक पन फुटलं न्हाई. कोंबडाच कामाचा नसंल." डोळ्यांत पाणी. उलट मीच तिची समजूत काढली. तिनं स्टाफरूममध्येही हळहळत सांगितलं की, अंडी फोडली तर घरभर घाण वास. झालं! मी डबा उघडला की जो तो म्हणे, "आज नको बाई, उपास आहे." एवढे उपास त्या शाळेत कुणी श्रावणातही केले नव्हते. अंडी आल्या वाटेनं घरी परत येऊ लागली. ह्यांनी सगळा दोष कोंबड्यावर टाकला आणि एका रविवारी त्याचा रस्सा झाला. मी सगळ्यांना वाढला, पण मला काही घास गेला नाही.

उन्हाळ्यात मतदारयादीचं काम लागलं आणि माझ्या वाट्याला तिचीच वस्ती आली. त्या हिवाळ्यापासून तिचं "घरी या" बंद झालं होतं, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अंगणात शिरले आणि जागीच थांबले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. हिनं तर झाकलंही नव्हतं. उकिरड्यावर दहा-बारा कोंबड्या मजेत उकरत होत्या आणि त्यातल्या निम्म्यांच्या माना बोडक्या, लालभडक.

ती घरी नव्हती. तिच्या सासूबाई ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. घरातली नावं लिहून घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कोंबड्या छान आहेत. कुठनं आणल्या?"

"सूनबाईच्या शाळंत एक बाई हायती, त्यांनी अंडी दिल्याली. तेरातली बारा फुटली बघा! निम्मी पिल्लं माघारी द्यायची व्हती, पर त्या बाईच म्हनल्या, राहू द्या तुमालाच. लई जीव हाय त्यांचा आमच्या सुनंवर."

मला राग सहा पिल्लांचा नव्हता. तिनं तोंड उघडून मागितली असती तर मी नेमकं हेच म्हणाले असते: राहू द्या तुम्हालाच. हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या तोंडचे शब्द तिनं सासूला न चुकता सांगितले, आणि मला मात्र रडून दाखवलं. माझ्या अंड्यांना चारचौघांत नासकी ठरवलं. बिचाऱ्या कोंबड्याचा तर जीवच घेतला. संताप असा आला की यादी पिशवीत कोंबून मी निघालेच.

तेवढ्यात ती आली. डोक्यावर वैरणीचा भारा. तिनं मला पाहिलं, मग कोंबड्यांकडं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाईंना च्या टाक." ती भारा न उतरवताच माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्याकडं लई व्हती ना. तुमाला काय कमी पडनार व्हतं?"

आठ वर्षांत मी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

"अंडी लई होती गं," मी म्हटलं. "मैत्रीण तू एकच होतीस."