बाबांना बर्फ दाखवला

बाबांची नजर जायच्या आत त्यांना बर्फाचा डोंगर दाखवायचा, असं आमच्या घरात ठरलं. काचबिंदूने अर्धी नजर नेलीच होती आणि उरलेली कधी जाईल याचा भरवसा नव्हता. "एकदा बर्फ पाह्यला असता, लेका," एवढंच ते म्हणाले होते. मी छाती फुगवून म्हणालो, "मी दाखवतो!" (मी स्वतः बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर.)

तयारी कडक झाली. दिग्रसच्या भर मे महिन्यात माझी बायको सुनंदा कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकायची आणि आम्ही तिघं स्वेटर, मफलर, कानटोपी घालून त्याच्यासमोर जागच्या जागी चालायचो! शेजारी खिडकीतून डोकावायचे. बाबांचं दुखणं माहीत असल्यामुळे कोणी हसत नसे, नुसते हळहळत. माझ्याकडे बघून जरा जास्तच.

हिमाचलात गेल्यावर कळलं, की तिथल्या वाऱ्यापुढे आमचा कूलर म्हणजे फुंकर! पहिल्या चढावर माझी कानटोपी उडाली, दुसऱ्यावर माझा दम गेला. बाबा एका हातात काठी आणि दुसरा सुनंदाच्या खांद्यावर ठेवून चालत होते. मी म्होरक्या असल्यामुळे सगळ्यांत मागे होतो. तळ्याला वळसा घातला की हिमनदी, असं खाली चहावाल्याने सांगितलं होतं. वळसा घातला, तर धुकं, चिखल आणि काळे-करडे गोटे! वणीच्या कोळशाच्या ढिगावर चढल्यासारखं वाटलं.

"अजी, कुठी हाय तुमची नदी?" सुनंदाने विचारलं.

"असंल पुढं. बसा तुमी, मी पाहून येतो."

मी वर गेलो, खाली आलो, डावीकडे घसरलो, उजवीकडे पडलो. गोटेच गोटे! एवढ्या आशेने आलेल्या माणसाला काय सांगायचं? परतलो तेव्हा सुनंदा पिशवीवर आणि बाबा गोट्यांवर बसून तिखट पुऱ्या खात होते.

"सापडली?" बाबांनी मान वर केली.

आणि मी खोटं बोललो. "हे काय, समोरच हाय! पांढरीफट्ट! दिसून नाही राह्यली तुमाले?"

बाबांचा घास हातातच राहिला. ते बराच वेळ धुक्यात बघत राहिले, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाले, "नाही दिसत. म्हंजे गेली वाटते माह्यी नजर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मात्र ठणठणीत होती.

आता खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबाच खेकसले, "नदी राहू दे तुह्यी! मघापासून माह्यं बूड काहून भिजून राह्यलं?"

"दव असंल, बाबा."

"दव इतकं चावते काय बे?"

त्यांनी उठून काठीने बुडाखालचे गोटे उकरले. वीतभर खाली निळसर, टणक, गारेगार बर्फ! हिमनदीवर बसूनच आम्ही हिमनदी शोधत होतो! बाबा गुडघ्यांवर वाकले, नाक टेकेल इतके जवळ गेले, दोन्ही तळवे बर्फावर ठेवले.

"हे पाह्य! दिसलं! दिसलं मले!"

सुनंदा रडली. मीही रडलो. मला वाटलं, आपण सुटलो.

उतरताना बाबा एकदम थांबले. "पण काय रे, बर्फ त माह्या बुडाखाली होता. मंग तुले समोर पांढरीफट्ट काय दिसलं?"

मी घाईघाईने पुढे निघालो आणि गोट्याला अडखळलो. बाबांना माझी खरोखरच काळजी लागली.

परतल्यावर त्यांनी मला यवतमाळला त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "माह्यं राहू द्या, डॉक्टरसाहेब. याले पाहा. याले नसलेल्या नद्या दिसतात." खरं सांगायची हिंमत काही झाली नाही, म्हणून निमूट डोळ्यांत औषध घालून घेतलं. त्या औषधाने संध्याकाळपर्यंत सगळं धूसर दिसत होतं. रस्ता ओलांडताना बाबांनीच माझा हात धरला.