आवाज बाहेर न जाणारी खोली

संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. वेळ एवढी पक्की सांगते, कारण माझ्या ईश्वरीला ताप होता आणि पावणेआठला औषध द्यायचं म्हणून माझी नजर घड्याळावरच होती. तेवढ्यात दीपक भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, चपला न काढता आत आले आणि म्हणाले, "वहिनी, नव्या घरात थिएटर करायचं!"

मी म्हटलं, "आधी हळू बोला. ती आत्ता कुठं झोपलीय."

"तेच तर सांगतोय! अशी खोली करू की आत बॉम्ब फुटला तरी बाहेर पोरगी उठणार नाही!"

सगळे हसले. मला नाही हसू आलं. माझ्या डोक्यात उलटंच आलं. आतलं बाहेर ऐकू येणार नाही, मग पोरगी आत अडकली आणि रडली, तर मला कसं कळणार?

त्या दिवसापासून ती खोली पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे इतके किस्से झाले की विचारू नका. पाहुणे आले की एक सांगायला घ्यावा, तर दुसरा त्याच्या मागून धक्के मारत येतो. चहा गार होतो, पाहुण्यांची बस चुकते, पण किस्से संपत नाहीत. त्यातले थोडे इथे सांगते.

आम्ही नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे राहतो. टोमॅटो आणि झेंडूची शेती. माझे मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शेती सासरे आणि भाऊजी बघतात. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. जुन्या घराच्या मागे नवं बांधकाम चाललं होतं आणि त्यात खाली एक लांबट खोली कांदे ठेवायला काढली होती. भाऊजींनी नेमकी तीच धरली!

* * *

नाशिकहून डिझाइनवाले कुणाल सर आले. वय भाऊजींएवढंच, पण आम्ही सर म्हणायचो. त्यांनी लाल लाइटच्या यंत्राने खोली मापली आणि सांगितलं, "इथे एकही फट राहता कामा नये. फट राहिली की आवाज गेलाच."

आबा म्हणाले, "फट नाय ठेवली तर सडंल."

"काय सडेल आबा?"

"कांदा."

"अहो, पण आता इथे कांदा ठेवायचाच नाहीये!"

"माणसं तर ठेवणार ना?"

कुणाल सरांनी हसत हसत नकाशा पुढे केला. हवा आत यायला एक आणि बाहेर जायला एक, असे दोन पाइप त्यांनी आधीच काढलेले होते. आबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "एवढ्याशा भोकातून? कांद्याला पण याच्यापेक्षा जास्त लागती."

मी मागे उभी होते. धीर करून विचारलं, "सर, दाराला काच ठेवता येईल का?"

"ताई, दारातच तर सगळा खेळ असतो. काच लावली की आवाज गळतो."

मी मान हलवली आणि चहा टाकायला गेले. पण रात्री झोप नाही आली.

* * *

खुर्च्या कशा मांडायच्या, ते आबांना कागदावर समजेना. मग भाऊजींनी शेतातले, टोमॅटो भरायचे प्लॅस्टिकचे कॅरेट आणले. एक कॅरेट म्हणजे एक खुर्ची. कुणाल सरांनी त्यांच्यावर खडूने नंबर घातले. पुढची रांग ए, मागची बी. आम्ही सगळे कॅरेटवर बसून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होतो. गवंडी दारातून डोकावून गेले. त्यांना वाटलं, घरात काहीतरी वाईट झालंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरेट गायब. आमच्या पिकअपवाल्याला रिकामे कॅरेट दिसले, त्याने उचलले, टोमॅटो भरले आणि आख्खं थिएटर मार्केटला घेऊन गेला!

दुपारी व्यापाऱ्याचा फोन. "आबा, या वेळेला ए आणि बी माल वेगळा केलाय वाटतं? चांगलं केलं. पण बी मधला मालसुद्धा ए सारखाच दिसतोय हो!"

आबांनी फोनवर हात ठेवला आणि भाऊजींना विचारलं, "काल बी मध्ये कोण कोण बसलं व्हतं?"

"मी आणि दादा."

आबा फोनवर म्हणाले, "दिसायला सारखाच हाय, पण बी च हाय तो! माझ्या घरचा माल मला म्हाईत नाय का?"

* * *

रंगाच्या दिवशी तर भांडणच. कुणाल सर म्हणाले, भिंती गडद करायच्या आणि छत पूर्ण काळं, म्हणजे पडद्यावरचं चित्र उठून दिसतं. आमच्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्यांनी कपाळावर हात मारला. "वास्तुशांत व्हायची अजून, आणि घराला काळा रंग? कोणी ऐकलंय का असं?" त्या दिवशी सरांना चहा मिळाला नाही.

पेंटर डबा उघडून उभा, आई दारात बसलेल्या. शेवटी आबा आले. "अगं, नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून बाहेर काळी बाहुली टांगलीस ना तू?"

"मग? टांगायलाच पाहिजे."

"मग इथं तर आख्खी काळी खोली हाय! आता कोणाच्या दृष्टीची हिंमत होतीय?"

आईंनी मान वर करून छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग ती बाहुली उतरवू का?"

पेंटर घाईघाईने म्हणाला, "नको नको मावशी, वरच्या मजल्याला राहू द्या!"

काळ्या छताचं माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्या अंधारात माझी पोरगी मला दिसणार कशी? मी पंचवटीत जाऊन ईश्वरीसाठी भरपूर घुंगरं असलेले पैंजण आणले. ती चालली की आख्ख्या गल्लीला कळायचं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोळ्याला बैलाला पण एवढी घुंगरं नसतात!"

मग आमचे मिस्टर हळूच म्हणाले, "अगं, पण दार लागल्यावर ते पैंजण तरी कसे ऐकू येतील?"

झालं! त्या रात्री पण झोप गेली.

* * *

कुणाल सरांनी मागच्या रांगेसाठी फूटभर उंच ओटा बांधायला सांगितला, म्हणजे मागच्यांना पुढच्यांची डोकी आड येत नाहीत. आईंनी विचारलं, "मागे कोण बसणार?"

"तरुण मंडळी. ताई, दादा, दीपक."

"म्हणजे सून वर आणि आम्ही खाली?"

सर शहरातले. त्यांना काय माहीत, आमच्याकडे सासू-सासरे खाली बसले असतील तर सून साध्या स्टुलावरही बसत नाही. ते म्हणाले, "मग सोपं आहे! मोठी माणसं मागे ओट्यावर बसतील."

आबा म्हणाले, "मला लांबचं नीट दिसत नाय. मी पुढंच बसणार."

"बरं, मग आजी एकट्या ओट्यावर."

आईंनी पदर सावरला. "यांच्या डोक्यावर बसू होय मी? मी पण पुढंच."

आता आई-आबा पुढे खाली म्हटल्यावर मी वर कशी बसणार? मी पण पुढे. माझ्यामुळे आमचे मिस्टर पुढे. भाऊजी म्हणाले, "मी एकटा काय मागे वनवासात बसू?" तेही पुढे. सगळी माणसं एका रांगेत आणि ओटा रिकामा!

सरांनी रुमालाने घाम पुसला. "आजी, मग हा ओटा बांधायचा कशाला?"

"जावई आले की बसतील की. जावयाचा मान वरच असतो."

"कुठे असतात तुमचे जावई?"

आईंनी ईश्वरीकडे बोट दाखवलं. ती सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसून अंगठा चोखत होती. "येईल की. अजून वीस-बावीस वर्षांनी."

ओटा बांधला. छान झालाय. त्यावर सध्या गाद्या ठेवल्यात.

* * *

आवाजाची पहिली ट्रायल झाली, तेव्हा भिंतींना आतून कापसासारखं मटेरियल भरायचं बाकी होतं. सरांनी धडाडधूम आवाज काढणारा मोठा काळा बॉक्स पूर्वेच्या भिंतीला टेकवला. त्या भिंतीच्या पलीकडे आमचं नवं देवघर. आई दिवा लावत होत्या. सरांनी ढगांचा गडगडाट लावला आणि इकडे देवघरातली टांगलेली घंटा आपोआप टिणटिण वाजायला लागली!

आईंनी तिथेच डोकं टेकवलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार बायका नारळ घेऊन हजर!

आबा वैतागले. "अगं, त्या डब्याचा हादरा हाय तो!"

"तुमच्यासाठी डबा असेल," आई म्हणाल्या.

सरांनी बॉक्स दुसऱ्या कोपऱ्यात नेला, खाली रबर घातलं. घंटा बंद झाली. सरांना वाटलं, चला, काम झालं. तर आई त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या. "बाळा, आरतीपुरता तरी इकडच्या भिंतीला आणत जाशील का?"

* * *

आणि मग दार आलं. एवढं जड की उचलायला चार माणसं लागली. सोडलं की आपोआप बंद होणारं. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात गेलेच नाही. ईश्वरीला मांडीवर घेऊन त्या उंबऱ्यातच बसले.

आमचे मिस्टर म्हणाले, "अगं उठ. आतून हँडल आहे, उघडतं ते."

मी म्हटलं, "तिचा हात पोचतोय का, ते दाखवा."

ईश्वरीला उभं केलं. टाचा उंच केल्या, तरी हात पोचला नाही.

कुणाल सर म्हणाले, "बरं ताई, हरलो. दुहेरी काच लावतो, जाड. आवाज फार गळणार नाही. डोळ्याच्या उंचीवर लावू."

"कोणाच्या डोळ्याच्या?" मी विचारलं. "मी वाकून बघीन. तिला उड्या मारता येत नाहीत. खाली लावा."

मग दाराच्या अगदी खालच्या बाजूला शाळेच्या पाटीएवढी काच बसली. लोकांना काय, हसायला कारणच! भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही आमच्या मांजरीची बाल्कनी." आबा म्हणाले, "एवढा खर्च केला आन् दाराला भोक पाडलं." मी ऐकून घेतलं. पण त्या रात्री मला शांत झोप लागली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी शेवटची ट्रायल होती. आबा, भाऊजी आणि कुणाल सर आत गेले. मध्ये रिंग वाजू नये म्हणून तिघांचे फोन बाहेर ठेवलेले. दार बंद झालं. आवाज झकास! ट्रायल संपल्यावर सरांनी हँडल फिरवलं आणि ते त्यांच्या हातातच आलं!

त्यांनी दार बडवलं. भाऊजींनी लाथा घातल्या. आबांनी माझ्या नावाने, आईंच्या नावाने, गावातल्या ओळखीच्या सगळ्यांच्या नावाने हाका मारल्या. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. कारण काम इतकं फर्स्टक्लास झालं होतं की बाहेर जराही आवाज येत नव्हता. मी आणि आई निवांत स्वयंपाकघरात उद्याच्या पाहुण्यांसाठी करंज्या तळत होतो.

तेवढ्यात ईश्वरी पैंजण वाजवत आली आणि करंजीला हात घातला.

"मम्मी, आबा छोट्या टीव्हीत आलेत."

मी झारा हलवत म्हटलं, "हो का? काय करतायत?"

"खाली लोळतायत."

"आणि?"

"काका पण आहेत. हात जोडतायत. मी बाय केलं."

आईंनी पुढची करंजी लाटता लाटता विचारलं, "कसला कार्यक्रम आहे गं?"

ईश्वरी म्हणाली, "माहीत नाही. आवाज बंद आहे."

तर तुमच्या ओळखीत कोणी घरात थिएटर करत असेल, तर त्यांना एवढा निरोप द्या. रंग, खुर्च्या, ओटा, सगळं आपापल्या मनासारखं करा, पण दाराला काच ठेवा आणि ती खाली ठेवा. आबा स्वतः भेटेल त्याला हे सांगत फिरतायत. ज्यांच्यापर्यंत ते पोचले नसतील, त्यांना तुम्ही सांगा.