बँडमास्तरची पोरगी

“थांब गं बाई, थांब! हिचे वडील बँडवाले आहेत ना. नवरदेव मांडवात गेल्याशिवाय ही काही थांबायची नाही!”

मॅडम हे माइकवर बोलल्या. वाकडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, आमच्या पियानो क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात, शे-दीडशे माणसांसमोर. हॉल हसला. पोरं हसली, पोरांचे आईबाप हसले. मी स्टुलावर. हात पट्ट्यांवर तसेच. कान नुसते पेटले होते.

मागे दाराशी माझे पप्पा उभे होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. सांगवीतलं सकाळचं लग्न वाजवून तसेच धावत आले होते. तेही हसले. हात जोडून हसले. वरातीत दारू प्यालेला कुणी मामा अंगावर येतो ना, तेव्हा हसतात, अगदी तसे. मला हॉलचा राग आला त्याहून जास्त पप्पांचा आला. हे मी आजही नाकारत नाही.

मी केलं होतं काय, ते सांगते. माझा तुकडा संपत आला होता. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आत आले. खुर्च्या सरकल्या, मॅडम पुष्पगुच्छ घेऊन धावल्या. आणि माझे हात आपसूक परत पहिल्या ओळीवर गेले. आमच्यात असंच असतं. मानाचा पाहुणा टेकल्याशिवाय वाजवणं तोडायचं नाही. तोडलं तर तो त्याचा अपमान. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी पप्पांच्या बँडमागे झांज घेऊन चाललेय. हे अंगातच मुरलंय. पाहुण्यांचे फोटो संपेनात, मी तिसऱ्यांदा सुरुवात केली. ताल एकदाही सुटला नाही. ते कुणी ऐकलं नाही.

तेव्हा मी अकरावीत होते. क्लासला दोन वर्षं झाली होती. आई चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. तिचा ओव्हरटाइम म्हणजे माझी फी. मला पियानोची परीक्षा द्यायची होती. सर्टिफिकेट हवं होतं, पुढे शिकवायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतंच.

नाव घालायला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, “इथे कुणी विचारलं तर कंपनीत आहेत म्हण. उगाच चर्चा नको.”

मी म्हटलं. दोन वर्षं म्हटलं. माझ्या बापाला मी माझ्याच तोंडाने आकुर्डीच्या कंपनीत कामाला लावलं. त्यांची शिफ्ट ठरवली, त्यांना कँटीनचं जेवण घातलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पप्पांना बजावलं, “ड्रेसवर येऊ नका हं.” ते “व्हय व्हय” म्हणाले. लाज वाटते आता. तेव्हा वाटली नाही.

आमचं वाजवणं पिढीजात. आजोबा गावात हलगी वाजवायचे. पाटलांच्या लग्नात वाजवायला पुढे, जेवायला मागे. मला वाटायचं ते गेलं, संपलं. आता टॉवर आहेत, लिफ्ट आहे, एसीतला क्लास आहे. कसलं काय!

घरी जाताना गाडीवर पप्पा म्हणाले, “बरोबर वाजवलंस तू. पाहुणं उभं असताना थांबत्यात व्हय?” मग म्हणाले, “हसू दे गं. लोकं हसली म्हंजी खूश झाली.”

मी रडले नाही. झोप मात्र लागेना. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. लपवायचं तेव्हा ही मॅडमच लपवायला सांगणार. हसायला हवं तेव्हा हीच उघडं करणार. बाप माझा आणि मालकी हिची?

मंगळवारी क्लासला गेले. मॅडम म्हणाल्या, “रुसलीस का गं? गंमत केली. चल, परीक्षेचा फॉर्म भरायचाय.” फॉर्म त्यांनी भरूनच ठेवला होता. वडिलांचा व्यवसाय, खाजगी नोकरी. मी पेन घेतलं, ते खोडलं आणि वर लिहिलं, बँडमास्तर.

“हे काय? खराब केलास ना फॉर्म!”

“खराब नाही, बरोबर केला. आणि मॅडम, माझ्या पप्पांची माफी मागा.”

“माफी? कशाबद्दल? बँडवाले नाहीत का ते?”

“आहेत. मग दोन वर्षं मला खोटं का बोलायला लावलंत?”

त्यांचा चेहरा पडला. क्षणभरच. मग आवाज कडक झाला. “हे बघ, माझ्या क्लासतर्फे परीक्षा द्यायची असेल तर माझ्या शिस्तीत राहावं लागेल. बाहेर बरीच मुलं वाट बघतायत.”

“बसवा त्यांना,” मी म्हटलं आणि वह्या उचलल्या.

लिफ्टने खाली आले. जिंकल्यासारखं काहीएक वाटलं नाही. बस स्टॉपवर मी ढसाढसा रडले, कारण मला ते वाद्य जिवापाड आवडत होतं. घरी आई कडाडली, “चार महिन्यांवर परीक्षा आलेली. माझा सगळा ओव्हरटाइम मातीत घातलास!” तिचं काय चुकलं? काहीच नाही. पप्पा कितीतरी वेळ क्लॅरिनेट पुसत बसले. जेवले नाहीत.

आज मी चाकणला नोकरी करते, पहिल्या शिफ्टला. घरी बँडचा जुना कीबोर्ड आहे. त्याच्या पट्ट्या हलक्या, बोटांना पियानोचा भार मिळत नाही. चडफडते, पण रोज बसते. क्लासशिवायही परीक्षा देता येते, हे मी स्वतः चौकशी करून शोधलं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

तर मी बसणार. उशीर झालाय, अजून होईल. नापास झाले तर परत बसेन. बापाचं नाव आणि बापाचं काम, दोन्ही माझ्या हाताने लिहीन. आणि त्या खोलीत कुणी हसलं तर मान खाली घालणार नाही, हात जोडणार नाही. उठून उभी राहीन आणि विचारीन, हसायला काय झालं? उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.