बोंबलांचा वास गेला, शाळेला कुलूप आलं

मंडळी, आज सकाळी नातीला आपल्या गावच्या शाळेत सोडायला गेलो, तर फाटकाला कुलूप. खिचडी शिजवणाऱ्या ताई बाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई एकट्याच, त्यांना पालघरला मीटिंग हाय. आज शाळा नाय."

डोकंच फिरलं माझं.

ऐंशीच्या दशकात आपल्याला गुरुजी एकटेच होते आणि मीटिंगा त्यांनाही होत्या. पण शाळा चालू राहायची. पटांगणात आपल्या आया बोंबील वाळत घालून कावळे हाकलत बसायच्या. मीटिंग असली की गुरुजी त्यांना पोरांकडे बघायला सांगून बोईसरची एसटी पकडायचे. आत आपण पाढे म्हणायचो. आवाज जरा बसला की माझी आई बाहेरून काठी आपटायची, "का रं, झोपलं का सगळी? बोला मोठ्यानं!"

गेल्या वर्षी शाळेला वास येतो म्हणून त्या बायकांना उठवलं आणि वर्गणी काढून कंपाउंड बांधलं. "मग पोरांकडे बघणार कोण?" असं मी याच ग्रुपवर विचारलं होतं. भिंतीच्या फोटोला मात्र सगळ्यांनी अंगठे दिले.

आज पटांगण एकदम स्वच्छ होतं. बोंबील नाही, कावळा नाही, पोर नाही.

त्याचाही फोटो काढून ग्रुपवर टाकू का?