बारा जणांचे डोळे

"ही माणसं माझ्याकडे बघताहेत," दिमित्राने मेलमध्ये लिहिलं होतं. "ऑफिसात कुणालाच हा फोटो समोर नको आहे. आम्ही नमुन्याची प्रिंट भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. प्लीज, फाइल तपासा."

क्लायंटच्या तक्रारी मी पंचवीस वर्षं वाचते आहे. रंग पिवळट आलाय, टक्कल जास्त दिसतंय, सासूबाई नको तेवढ्या हसताहेत. फोटोची भीती वाटते, ही तक्रार पहिलीच. मला आधी हसूच आलं.

आमचा रिटचिंगचा स्टुडिओ बडोद्यात वाडी भागात आहे. रिटचिंग म्हणजे जुना, फाटका, डाग पडलेला फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करणं. मालक हसमुखभाई, सुपरवायझर मी, आणि सगळ्यात जुने ऑपरेटर शिर्केकाका. दिमित्रा ग्रीसमधल्या एका बास्केटबॉल क्लबची जुनी कागदपत्रं आणि फोटो सांभाळते. बंदराच्या गावातला हा क्लब निर्वासित कुटुंबांतल्या पोरांनी उभा केला. तेव्हा मातीच्या मैदानावर, घरी शिवलेले शर्ट घालून खेळायचे. आज त्यांचे खेळाडू व्यावसायिक आहेत, स्वतःचं स्टेडियम आहे. क्लबचा इतिहास पुस्तकरूपाने निघणार होता आणि त्यासाठी चारेकशे फोटो आमच्याकडे आले होते.

त्यातला एक फोटो महत्त्वाचा. सत्तरेक वर्षांपूर्वीचा, बारा खेळाडू मैदानाच्या मध्ये ओळीने उभे. हा स्टेडियमच्या दारात माणसाच्या उंचीएवढा लागणार होता. त्या बारांपैकी एकच जण हयात होता. कोस्तास, वय नव्वदीच्या पुढे, अंथरुणाला खिळलेला. त्याला तो फोटो लागलेला बघायचा होता आणि डॉक्टरांनी फार दिवसांची खात्री दिली नव्हती. प्रिंटरला फाइल द्यायला आमच्या हातात चार दिवस होते.

मी फाइल उघडली. शिर्केकाकांचं काम नेहमीसारखं सफाईदार होतं. मूळ फोटोवर पाण्याचा एक पांढरा पट्टा होता, बरोबर सगळ्यांच्या डोळ्यांवरून गेलेला. तो साफ गेला होता. बारा तरुण, बारा चेहरे, तेल लावून मागे फिरवलेले केस. पण दिमित्रा खोटं बोलत नव्हती. मी खुर्ची डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. बाराही जण बघतच होते. खेळाडू कॅमेऱ्याकडे बघतो तसं नव्हे. पाहुणा घरातून निघताना दारातून मागे वळून बघतो, तसं.

मी झूम केलं. स्क्रीनवर फक्त डोळे राहिले. डावीकडून पाचवा मी ओळखला. पाणीगेटचे फरसाणवाले काका. जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या शेजारचे करजणच्या एका शिक्षिकेचे, पापण्या जाड केलेल्या. मग मी एकेक करून बाकीचे पाहिले, एका जोडीवर मात्र थांबले नाही. ग्रीसला कधीही न गेलेली माणसं मला ग्रीक चेहऱ्यांतून ओळख देत होती. भरदुपारी, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असताना, मी झूम काढून टाकला.

यामागचं कारण सांगायला हवं, आणि ते सांगताना मला लाज वाटते. गुजरातेत माणूस गेला की बेसणं ठेवतात, म्हणजे शोकसभा. तिथे मोठा फोटो लागतो, पेपरातल्या जाहिरातीलाही लागतो. घाईत घरचे लोक सापडेल तो फोटो आणतात, लग्नाच्या पंगतीतला नाहीतर मोबाइलमधला. निम्म्या फोटोंत डोळे मिटलेले असतात. ते आम्ही उघडतो. त्याच माणसाचा दुसरा फोटो नसेल तर दुसऱ्याचे डोळे बसवतो. त्यासाठी 'आंख' नावाचा एक फोल्डर आहे. जिवंत माणसाचे डोळे वापरले तर तो कधीतरी ओळखेल आणि भांडायला येईल. म्हणून फोल्डरमध्ये फक्त गेलेल्यांचे डोळे ठेवायचे, असा नियम. नियम माझाच. घरच्यांना विचारायचं नाही, दुःखात कशाला त्रास द्यायचा, हाही माझाच.

"काका, या लोकांचे डोळे तुम्ही उघडलेत?"

शिर्केकाका चष्मा कपाळावर चढवून आले. "हो, तर! पट्ट्याखाली धड दिसत नव्हते. तिघाचौघांचे दिसले ते मिटलेले. म्हटलं, फोटोग्राफर फालतू होता. सगळेच उघडून टाकले. का गं? सरस झालंय ना?"

"बाराच्या बारा जण एकाच वेळी डोळे मिटतील का, काका?"

त्यांनी चष्मा खाली ओढून स्क्रीनवर पाहिलं. "मिटलेले डोळे कोण ठेवतं, वैशाली?" ते म्हणाले. "आपल्याकडे कुणी कधी ठेवलेत?"

मी दिमित्राला फोन लावला. मिटलेले डोळे आम्ही उघडले, एवढी चूक सांगितली.  ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला हा फोटो कसला आहे ते माहीतच नाही?"

खरंच नव्हतं. चारशे फोटो, सोबत प्रत्येक फोटोची माहिती देणारी एक लांबलचक यादी. यादी ऑपरेटरला वाचून दाखवणं माझं काम होतं. मी फक्त साइज वाचले होते.

हसमुखभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "वैशालीबेन, फॉरेननी पार्टी छे. पाछुं करी आपो." पुन्हा करून द्या. आणि वर, "कोना डोळा लगाव्या ए कहेवानी शुं जरूर?" कुणाचे डोळे लावले ते सांगायची काय गरज? मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दिमित्राचा व्हिडिओ कॉल आला. ती कोस्तासच्या घरी होती. त्याने प्रिंट मागवून घेतली होती, कुणाचं ऐकलं नव्हतं. उशांना टेकून बसलेला म्हातारा, लांब लांब बोटं, आणि पलंगाच्या पायथ्याशी तो फोटो. तो ग्रीकमध्ये बोलायचा, दिमित्रा इंग्रजीत सांगायची.

"डावीकडून दुसरा मी," तो म्हणाला. "शर्ट माझा आहे, कान माझे आहेत. डोळे माझे नाहीत. माझे इतके चांगले कधीच नव्हते. कुणाचे आहेत?"

डावीकडून दुसरा. आदल्या दिवशी त्याच्यावरून मी नजर घाईने पुढे नेली होती. तिथे थांबायची हिंमत झाली नव्हती. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात एक बारीक तपकिरी ठिपका होता. रेल्वे वर्कशॉपात लोखंडाचा कीस उडाला होता, त्याचा. बेसण्यासाठी फोटो मीच आणला होता, आणि काकांनी नियमाप्रमाणे डोळे फोल्डरमध्ये ठेवले होते.

खोटं बोलायचं ठरवून बसले होते. तोंडातून निघालं, "माझ्या वडिलांचे."

"ते आहेत?"

"नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग सावकाश सांगायला लागला. त्याचा थोरला भाऊ टीमचा कॅप्टन होता. दुसऱ्या बेटावर मॅचला जाताना तो बोटीवरून समुद्रात पडला. शव सापडलंच नाही. पुढच्या मॅचला हे बारा जण मैदानात उभे राहिले. "गेलेल्या माणसाचे डोळे कुणीतरी मिटवायचे असतात. त्याचे मिटवायला कुणाला मिळाले नाहीत. म्हणून आम्ही आमचे मिटले." दर सीझनच्या पहिल्या मॅचला क्लबचे खेळाडू अजून तसंच करतात.

"तुझ्या वडिलांचे कुणी मिटवले?" त्याने विचारलं.

बाबा कोविडच्या वॉर्डात होते. आम्हाला फक्त बांधलेली पिशवी दिली, तीही लांबून दाखवली. मी एवढंच म्हणाले, "मला ठाऊक नाही." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

"मग ते उघडेच आहेत," तो म्हणाला. "मिटव. आमचेही मिटव."

शिर्केकाका म्हणाले, "दे, मी करतो, चूक माझी." मी दिलं नाही. पहिल्यापासून करायला वेळ नव्हता. काकांनी दोन आठवड्यांचं काम फ्लॅटन केलेलं, म्हणजे सगळे थर एकत्र चिकटवून टाकलेले. उघड्या डोळ्यांवरूनच पापणी ओढत आणावी लागणार होती. मूळ स्कॅन शेजारी ठेवला. पट्ट्याखाली पापणीची जेवढी रेघ दिसत होती, तेवढीच धरून वरून खाली आणायची. माणसामागे दीड-दोन तास.

फरसाणवाले काका, करजणच्या बाई, कुणाचे कोण, सगळ्यांचे मिटवले. प्रत्येक जोडी मिटली की उरलेल्यांची नजर जड व्हायची. शेवटी दोनच डोळे उरले आणि ते माझ्याकडे बघत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला मी बाबांची डावी पापणी खाली आणली, मग उजवी. "बाबा, झालं," असं मोठ्याने म्हणाले. काका उठून बाहेर गेले. मी टेबलावर डोकं ठेवून खूप रडले.

फाइल वेळेत गेली. फोटोखाली काय लिहायचं ते मीच कळवलं: पापण्या नुकसान झालेल्या मूळ फोटोवरून हाताने काढल्या आहेत. दिमित्राने तसंच छापलं. कोस्तासला व्हीलचेअरवरून स्टेडियमच्या दारात नेलं. तो पाच मिनिटं फोटोसमोर होता. नंतर नऊ दिवसांनी गेला. त्याचे डोळे आपण स्वतः मिटवले, असं दिमित्राने कळवलं. 

'आंख' फोल्डर मी डिलीट केला. हसमुखभाई दोन दिवस फुगून बसले. आता ऑर्डरच्या फॉर्मवर एक रकाना जास्त आहे: डोळे उघडायचे का? बहुतेक लोक 'हो' म्हणतात, आणि मग घरातलाच दुसरा फोटो शोधून आणतात. मधूनच कुणीतरी पेन हातात धरून तसंच उभं राहतं. मी घाई करत नाही. खुर्ची पुढे करते.