पटाशी आणि उलथनं

बसलिंगप्पांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. सोलापुरात कचेरीसमोरच्या लिंबाखाली एक खोकं मांडून ते बसत आणि फाउंटन पेनं दुरुस्त करत. वकील, कारकून, अर्ज लिहून देणारे, सगळे त्यांच्याकडेच येत. पेन दुरुस्त झालं की गिऱ्हाइकापुढं कागदाचा कपटा सरकवत आणि म्हणत, "लिवा." गिऱ्हाईक लिहू लागलं की हे डोळे मिटून कान कागदाजवळ नेणार. "हितं खरखरतंय की," असं म्हणून निब पुन्हा दगडावर धरणार. काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

मी मराठी शाळेत सुलेखन शिकवत असे. माझ्या अक्षराचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? फळ्यावरची माझी ओळ पुसायची तर मुलं आधी माझ्याकडे बघत, आणि बघितलं नाही तर मी खेकसत असे. हेडमास्तरांनी खूश होऊन मला सोन्याच्या निबाचं एक विलायती पेन दिलं. पण त्या निबाचं टोक गोल होतं. गोल टोकानं सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येतात आणि बाळबोध अक्षराला तर बोरूसारखं जाड-बारीक हवं. म्हणून मी बसलिंगप्पांकडे गेलो.

टोक घासून सपाट करायच्या त्यांच्या दोन तऱ्हा होत्या. इंग्रजी जाणणारे वकील एकीला इटालिक म्हणत, दुसरीला स्टब. बसलिंगप्पा म्हणत, पटाशी आणि उलथनं. पटाशीचे कोपरे सुताराच्या हत्यारासारखे करकरीत, रेघ कशी कापल्यासारखी उमटणार. उलथन्याचे कोपरे झिजवून गोलसर केलेले, त्यामुळं ते कागदावर कुठंही न अडता सरकायचं, अक्षर मात्र जरा मऊ यायचं. मोडी भरभर ओढणारे कारकून उलथनं नेत. मी म्हणालो, "मला पटाशी द्या. उलथनं आमच्या स्वयंपाकघरात आहे." ते नुसते हसले. त्यांनी बोरूला देतात तसा तिरका काप देऊन अशी पटाशी केली, की पुढची सहा वर्षं मी जमिनीवर चालत नव्हतो.

अठ्ठावीस सालच्या उन्हाळ्यात टांग्यातून उतरताना पडलो आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधून दिल्या आणि दीड महिना हात हलवू नका म्हणून बजावलं. मी तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या सोडल्या. का, तर मला लिहून बघायचं होतं! हाड वाकडं जुळलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना भेटेनात. खडू धरला की गळून पडे. दोष माझ्याच उतावळेपणाचा होता, पण त्या दिवसांत मी सगळ्यांवर डाफरत होतो.

हेडमास्तर भला माणूस होता. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाद्रपदात शाळाखात्याचे डिपोटी तपासणीला येतील. मास्तरानं त्यांच्यासमोर कित्ता लिहायचा असतो. तोवर मी तुमची गोष्ट वर कळवत नाही, पुढं माझ्या हातात नाही." म्हणजे भाद्रपदात लिहिता आलं नाही, तर नोकरी गेली. घरात बायको, दोन मुलं आणि आई.

मी डाव्या हातानं पाटीवर गिरवायला बसलो. आईनं ते पाहिलं आणि पाटी उचलून नेली. "वेणू, त्या हातानं श्रीकार काढतोस?" एवढंच म्हणाली. आमच्याकडे कुठलंही लिहिणं श्रीनं सुरू व्हायचं आणि डाव्या हातानं तुळशीला पाणीसुद्धा घालायचं नाही. आईचं मला वाईट वाटलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. मग गच्चीवर लपून पेनानं लिहून पाहिलं. पटाशी पहिल्याच उकाराला कागदात रुतली आणि शाईचे शिंतोडे उडाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेन घेऊन लिंबाखाली गेलो. म्हटलं, "बसलिंगप्पा, हे कुणाला तरी देऊन टाका. माझा हात गेला."

"डावा हाय की," ते म्हणाले.

"तो कशाला वापरतात, ठाऊक आहे ना?" मी तडकून म्हणालो.

ते रागावले नाहीत. त्यांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बोटानं दाखवली आणि मग आपला डावा तळहात माझ्यापुढं उघडा धरला. "आमचा देव रोज सकाळी ह्या हातावर बसतोय, मास्तर. हितंच त्याला पाणी, हितंच भस्म, हितंच फूल. देव बसतोय त्या हातात पेन बसत न्हाय व्हय?"

मी इतकी वर्षं त्या माणसासमोर उभा राहिलो होतो आणि त्यांचा तळहात कधी बघितला नव्हता. मला रडू फुटलं. भर दुपारी कचेरीसमोर मास्तर रडतोय, पण मला त्याची लाज वाटली नाही.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी तिथं. ते कागद सरकवायचे, "लिवा," म्हणायचे आणि कान लावायचे. आठ दिवसांनी म्हणाले, "नोडी, बघा मास्तर, उजवा हात निब वडत नेतोय, डावा ढकलतोय. ढकललं की पटाशी रुततीय. तुमाला उलथनंच पायजे. काप पण उलटा." मी ऐकलं नाही. इतकी वर्षं ज्या अक्षरावर मिरवलो, ते मऊ करून घेऊ? म्हटलं, "काप उलटा करा, पण पटाशीच ठेवा." त्यांनी माझ्या पेनाला तसं करून दिलं. आणि खोक्यातून आपलं एक जुनं काळं पेन काढून, त्याचं उलथनं करून माझ्या खिशात खोचलं. "ऱ्हाऊ द्या. खिशाला काय जड हाय?"

तपासणीच्या दिवशी डिपोटी साहेब माझ्या टेबलाशी खुर्ची घेऊन बसले. मी सोन्याचं पेन काढलं. डावा हात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. श्रीचं शेपूट वळवताना पटाशी रुतली, कागद फाटला आणि शाई साहेबांच्या बाहीवर उडाली. साहेबांनी रुमाल काढून बाही टिपली आणि आपली शेऱ्याची वही मिटायला हात पुढं केला.

"साहेब, एक कागद अजून," मी म्हणालो. मी जन्मात कुणापुढं गयावया केली नव्हती, ती त्या दिवशी केली. खिशातलं काळं पेन काढलं आणि डोळे मिटून कान लावणारा माणूस समोर बसलाय असं मनाशी धरून लिहू लागलो. खरखर नव्हती. उलथनं सरकत गेलं. दहा ओळी लिहिल्या. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "अक्षर पूर्वीचं नाही," ते म्हणाले, "पण मुलांना गिरवायला हे सोपं पडेल." आणि वहीत तसा शेरा लिहून त्यांनी सही केली.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. तळहाताचंही सांगितलं. ती वाती वळत राहिली.

दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकावर एक एकडे मांडून सरस्वती मीच काढत आलो होतो. आईनं पाटी माझ्यापुढं ठेवली. मी उजव्या हातात पेन्सिल धरायची खटपट करू लागलो, तशी ती म्हणाली, "त्या हाताला कशाला छळतोस? डाव्यानं काढ. आता घर त्याच हातावर चाललंय." पूजा झाल्यावर तिनं स्वतः आपट्याची पानं निवडून दिली. "पहिलं सोनं त्या बसलिंगप्पांना देऊन ये."

बसलिंगप्पा लिंबाखालीच होते. सवयीनं मी उजवा हात पुढं केला आणि पानं बोटांतून निसटून खोक्यावर सांडली. गोळा करून पुन्हा त्याच हातात घेऊ लागलो. डाव्या हातानं सोनं दिलं तर देणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. बसलिंगप्पांनी आपला उजवा हात मांडीखाली घेतला आणि डावा तळहात उघडून समोर धरला, सकाळी देवासाठी धरतात तसा.

"लिवता त्या हातानं द्या की, मास्तर."

मी डाव्या हातानं सोनं त्या तळहातावर ठेवलं आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "अय्यो, मास्तर!" करत त्यांनी पाय मागं ओढले, पण तोवर माझा नमस्कार करून झाला होता.